हृदयाचा पेशंट गावाकडं, पोरगा पुण्यात: घरबसल्या मॉनिटरिंगचं पॅकेज घ्यावं का?

औसेकर · ८ डिसेंबर, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी लिहितोय.

वडील (आण्णा) ७१ वर्षांचे, औसा तालुक्यात शेती. गणपतीच्या सुमारास रात्री झोपेतून उठून बसायला लागले, सोबत खोकला. गावातल्या डॉक्टरांनी दोन आठवडे कफाचं औषध दिलं. पायावर सूज चढली तेव्हा भावानं लातूरला नेलं. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर ईएफ, म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद, ३० टक्के. सात दिवस दवाखान्यात काढले आणि आठ किलो वजन उतरलं. सगळं पाणी! मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, आठच ना? हो म्हणाले. दिवाळीनंतर पुन्हा तेच, पुन्हा चार दिवस ॲडमिट.

औषधं: टॉर्सेमाइड (लघवीची गोळी), स्पायरोनोलॅक्टोन, मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. शेवटची शुगरची गोळी म्हणे, पण आण्णांना शुगर नाही. ते का, हेही कुणी सांगा.

आता मुद्दा. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचं पॅकेज सुचवलं गेलंय. ब्लूटूथवाला वजनकाटा, बीपीचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि ॲप. रोजचे आकडे त्यांच्या 'सेंटर'ला जाणार. महिन्याला २,५०० रुपये. घरी आण्णा, आई, भाऊ, वहिनी आणि सातवीतली पुतणी. स्मार्टफोन एकच, तो भावाच्या खिशात आणि भाऊ दिवसभर रानात. रेंज गच्चीवर गेलं तर.

आण्णांना विचाराल तर, "मी चांगला चालूलालो की. मला काय झालंय?"

घ्यावं का?

खवचट_काका · ८ डिसेंबर, रात्री ११.०५

महिन्याला अडीच हजार वजन करायला? आमच्या परभणीच्या मोंढ्यात काटा फुकट आहे. सोयाबीनच्या कट्ट्यांशेजारी आण्णांना उभं करा, हमाल पावतीसुद्धा देईल.

मांजराकाठचा_डॉक्टर · ९ डिसेंबर, सकाळी ६.५०

काका, गंमत केलीत पण अर्धं बरोबर बोललात.

औसेकर, पॅकेजचं नंतर बघू. आधी काटा आणा, आजच. साधा डिजिटल, हजाराच्या आत मिळतो.

आण्णांचा हा आजार हार्ट फेल्युअर. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, पंप कमजोर होणं. पंपाचा जोर कमी झाला की किडनीची समजूत होते की शरीरात पाणीच कमी पडलंय. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दम लागायच्या आधी कितीतरी दिवस हे पाणी साठत असतं आणि पेशंट म्हणतो, मला काय झालंय. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच जाणवत नाही. काट्याला मात्र कळतं.

साधारण नियम असा की तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ झाली तर डॉक्टरला कळवायचं. आपल्याकडच्या पन्नास-पंचावन्न किलोच्या पेशंटांना मी दीड किलोलाच फोन करायला सांगतो. आण्णांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, माझा वापरू नका.

ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. कोविडनंतर घरोघरी पडलेत. ९७ दिसलं की लोक निर्धास्त. पण ऑक्सिजन उतरतो तोवर फुफ्फुसात पाणी शिरलेलं असतं. सगळ्यात शेवटी बोंबलणारा साक्षीदार आहे तो.

डॅपाग्लिफ्लोझिन मुळात शुगरचंच औषध. पण २०१९ साली डापा-एचएफ नावाचा ४,७४४ पेशंटांचा अभ्यास आला. शुगर नसलेल्या हृदयरोग्यांनाही त्याचा तेवढाच फायदा दिसला. गोळी बरोबर आहे, बंद करू नका. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन महाग पडत असेल तर डॉक्टरांना विचारा, २०२३ पासून देशी कंपन्यांच्या बऱ्याच स्वस्त गोळ्या आल्यात.

तारतम्य · ९ डिसेंबर, सकाळी ९.३०

मी याच प्रकारच्या ॲपचं काम करतो, म्हणून आतलं सांगतो. काटा ते फोन ब्लूटूथ, फोन ते सर्व्हर इंटरनेट. फोन रानात असेल तर आकडा काट्यातच बसून राहतो. काही काटे मागचे आकडे साठवून नंतर पाठवतात, काही नाही. हे विकत घेताना विचारायचं असतं आणि विकणाऱ्यालाच ते माहीत नसतं.

दुसरं, एका काट्यावर घरातले सगळे चढतात. आमच्याकडं एका आजोबांचं वजन एका दिवसात ६४ वरून ३८ झालं होतं. सगळी टीम हादरली. नातू चढला होता.

गोदाकाठ · ९ डिसेंबर, दुपारी २.१५

हे वाचून लिहायचं की नाही असा दोन तास विचार केला. लिहितेच.

आम्ही नांदेडजवळ राहतो. आईला अटॅक येऊन गेल्यावर ईएफ कमी झाला होता. आम्ही असंच पॅकेज घेतलं होतं, कुठल्या दवाखान्याचं ते सांगत नाही. पहिले दोन महिने छान चाललं. आई रोज सकाळी काट्यावर उभी राहायची आणि मला ओरडून सांगायची, "चौपन्न पॉइंट दोन!" शेजाऱ्यांनासुद्धा आईचं वजन पाठ झालं होतं.

दिवाळीत ते चढायला लागलं. ५४.२, ५४.९, ५५.६. धनतेरसला ५६ च्या वर गेलं आणि ॲपवर लाल त्रिकोण आला. आम्ही म्हटलं, इथं लाल दिसतंय म्हणजे तिकडंही दिसलंच असेल, फोन येईल. चकल्या-शेव चालू होतं घरात, आईनंही खाल्लं. लक्ष्मीपूजनाला ५७.०. त्रिकोण तसाच. फोन नाही. भाऊबीजेच्या पहाटे तीनला आई खाटेवर बसून श्वासासाठी धडपडत होती. १०८ ला फोन केला, गाडी आली, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाचली.

नंतर मी पॅकेजवाल्यांना फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, आमचं सेंटर सोमवार ते शनिवार, सणाच्या सुट्ट्या सोडून चालू असतं. फॉर्मवर लिहिलेलं आहे." फॉर्म काढून बघितला. खरंच लिहिलं होतं, मागच्या पानावर.

माझा राग त्यांच्यापेक्षा माझ्यावरच जास्त आहे. ॲप नसतं तर तीन किलो वाढलेलं बघून मी स्वतः डॉक्टरला फोन केला असता. कुणीतरी बघतंय या भरवशावर मी बघणं सोडलं.

कळंबची_सून · ९ डिसेंबर, दुपारी २.४०

ताई 🙏 आई आता कशा आहेत?

गोदाकाठ · ९ डिसेंबर, दुपारी ३.०२

त्यानंतर सव्वा वर्ष होती. आता नाही. ते कारण वेगळं होतं, न्यूमोनिया.

मांजराकाठचा_डॉक्टर · ९ डिसेंबर, रात्री ९.२०

गोदाकाठ, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. तुम्ही जे भोगलंत तेच अभ्यासातूनही पुढं आलंय.

२०१० साली अमेरिकेतला टेली-एचएफ नावाचा १,६५३ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशंटनं रोज एका नंबरला फोन लावायचा, तिकडून रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारणार, पेशंटनं बटणं दाबून वजन आणि त्रास सांगायचा. दवाखान्यातली माणसं ते नंतर तपासणार. सहा महिन्यांत पुन्हा भरती किंवा मृत्यू किती? फोनवाल्यांमध्ये ५२.३ टक्के, बाकीच्यांमध्ये ५१.५. फरक शून्य. बऱ्याच जणांनी हळूहळू फोन करणंच सोडलं. रोज रेकॉर्डिंगशी कोण बोलणार?

मग २०१८ साली जर्मनीतला टिम-एचएफ२ आला. दीड हजारावर पेशंट. रोज वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन. पण बर्लिनच्या शारिटे दवाखान्यातल्या केंद्रात डॉक्टर आणि नर्स चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस. आकडा बिघडला की ते पेशंटला फोन करायचे, औषध बदलायचे, गावातल्या डॉक्टरशी बोलायचे. तिथं मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभरामागे ११ च्या वर होतं ते ८ च्या खाली आलं.

मशीनं जर्मनीत जास्त होती, पण मला महत्त्वाचा वाटतो तो फरक वेगळाच. एकीकडं आकडा गोळा होत होता, दुसरीकडं त्या आकड्याला उत्तर मिळत होतं. औसेकर, पॅकेजवाल्यांना एवढंच विचारा: रविवारी रात्री नऊला वजन दोन किलो वर दिसलं तर मला कोण, किती वेळात फोन करणार, आणि त्या माणसाला गोळी बदलायचा अधिकार आहे का? "सिस्टिम अलर्ट देते" असं उत्तर आलं तर अडीच हजार वाचवा.

खवचट_काका · ९ डिसेंबर, रात्री ९.४१

जगात जर्मनी, भारतात परभणी! जर्मनीचं झालं, आता परभणीचं ऐका.

आमचा मेव्हणा, हाच आजार. त्याच्या डॉक्टरनं काय केलं, डिस्चार्जच्या कागदावर लाल पेनानं मोठ्ठं लिहिलं: "कोरडं वजन ६२. ६४ झालं तर लाल गोळी अर्धीची एक, तीन दिवस. तरी उतरलं नाही तर या. ५९ झालं तरी या." कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय. चार वर्षं झाली. ॲप नाही, बिप नाही. मेव्हणा खडूस आहे, पण वजन रोज करतो.

मांजराकाठचा_डॉक्टर · ९ डिसेंबर, रात्री ९.५५

काका, तो डॉक्टर हुशार आहे. 'कोरडं वजन' हाच सगळ्याचा पाया, म्हणजे पाणी पूर्ण निघाल्यावरचं वजन. वाचणाऱ्यांनी मात्र मेव्हण्याचा हिशेब स्वतःला लावू नये. लघवीची गोळी मनानं वाढवली तर पोटॅशियम आणि किडनी दोन्ही बिघडतात.

सिस्टर_जुनी · १० डिसेंबर, सकाळी ७.१०

संभाजीनगरला हार्टच्या ओपीडीत बावीस वर्षं झाली. वजन करा सांगणं सोपं, पण घरोघरी ते कसं होतं ते मी ऐकलंय म्हणून सांगते.

सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यांत. आमचे एक बाबा एक दिवस धोतरावर, एक दिवस कोट-फेटा घालून करायचे. वर खिशात चंची, चंचीत अडकित्ता. अर्धा किलो तिथंच!

काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका. डिजिटल काट्याला खाली चार पाय असतात, ते मातीत कमी-जास्त दबतात. एका मावशींचं वजन रोज दोन किलोनं वर-खाली व्हायचं, औषध बदलून डॉक्टर दमले. शेवटी मी म्हटलं काटा कुठं असतो? न्हाणीच्या दारात, ओल्या जमिनीवर. एक शहाबादी फरशी टाकून तिच्यावर काटा ठेवला आणि आकडा स्थिर झाला. औषधाला हातही लावावा लागला नाही.

आकडा वाचता येत नसेल तर दुसऱ्यानं वाचायचा. लिहायचं कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात. वही हरवते, कालनिर्णय भिंतीवरून हलत नाही. वजनाखाली आणखी एक आकडा लिहा: रात्री उशा किती लागल्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या की वजन काहीही असो, फोन करा. आणि चपलेचा पट्टा घट्ट होतोय का ते बघा. सूज डोळ्याला दिसायच्या आधी चपलेला कळते.

लघवीची गोळी सकाळी द्या. रात्री दिली तर म्हातारं माणूस रात्रभर अंधारात उठतं, पडतं, मग कंबर मोडून ऑर्थोच्या वॉर्डात.

भाऊसाहेब_वैजापूरकर · १० डिसेंबर, सकाळी ११.००

अर्जुनसालीचा काढा चालू करा. एवढ्या गोळ्यांनी किडनी जाते.

मांजराकाठचा_डॉक्टर · १० डिसेंबर, दुपारी १.०८

काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको. काढ्यासाठी गोळ्या बंद केलेले पेशंट मात्र मी दर महिन्याला ॲडमिट करतो.

कळंबची_सून · १० डिसेंबर, दुपारी ३.३०

सगळे काटा, ॲप, जर्मनी बोलताय. हे रोज करणार कोण ते कुणी विचारलं नाही. औसेकर, तुमच्या यादीत वहिनींचं नाव चौथं आहे, पण काम त्यांच्याच अंगावर पडणार. माझ्या सासऱ्यांचं सगळं मी करते. सकाळी सहाला दूध, डबे, सासऱ्यांचं वजन, बीपी, गोळ्यांचा डबा, त्यांची भाजी वेगळी बिनमिठाची. पुण्याहून दीर रोज फोन करून "आज किती?" विचारतात. मी सांगते, ते "छान" म्हणतात. एक दिवस मी म्हटलं, भाऊजी, उद्यापासून तुम्ही बाबांनाच विचारा.

मिठाचं तर बोलूच नका. भाजीत मीठ कमी केलं की ते ठेचा मागतात. ठेचा बंद केला तर शेजारी जाऊन खारोडी खातात.

औसेकर · १० डिसेंबर, रात्री १०.१५

ताई, बरोबर पकडलंत. मी खरंच वहिनींना विचारलं नव्हतं. आज विचारलं. म्हणाल्या, "वजन मी करून घेईन, पण त्यांच्याशी मिठावरून भांडायला मला लावू नका, ते तुम्ही फोनवर करा." कबूल केलं.

सिस्टर_जुनी · ११ डिसेंबर, सकाळी ७.००

मिठाचं एक राहिलं. दिवसाचं सगळं मिळून सपाट एक चमचा, त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं ते यांना आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन आणि ती सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची गोळी आधीच पोटॅशियम वाढवतात. पोरं प्रेमानं महागाचं मीठ आणतात आणि बापाचे ठोके बिघडतात. गॅससाठी पाण्यात फसफसणारी पावडर पितात, त्यातही सोडियमच.

औसेकर · १४ डिसेंबर, रात्री ९.५०

अपडेट. पॅकेजवाल्यांना डॉक्टरांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पलीकडची मुलगी आधी गप्प, मग म्हणाली, "सर, ॲपवर नोटिफिकेशन येईल." कुणाच्या ॲपवर? "तुमच्याच."

नाही घेतलं.

लातूरच्या आमच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांच्याकडं एक असिस्टंट आहेत, दुपारी दोन ते तीन त्या फोनसाठी बसतात. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: कोरडं वजन ६१. ६२.५ झालं तर त्याच दिवशी फोन. ५९.५ झालं तरी फोन. रात्री दम लागला तर फोनाबिनाच्या भानगडीत न पडता थेट या. व्हॉट्सॲपवर आकडा पाठवला तर चालेल का विचारलं. म्हणाले, "चालेल, पण दोन निळ्या खुणा म्हणजे मी बघितलं असं समजू नका. उत्तर आलं तरच बघितलं." फार आवडलं मला ते.

पुतणी काट्याची मालकीण झालीय. कालनिर्णयवर वजन निळ्या पेननं, उशा लाल पेननं. आण्णा नातीचं ऐकतात, वहिनींचं ऐकत नव्हते.

तारतम्य · १४ डिसेंबर, रात्री १०.२०

माझ्या धंद्यावर पाणी, पण उत्तम! कालनिर्णयला चार्जिंग लागत नाही.

मांजराकाठचा_डॉक्टर · १५ डिसेंबर, सकाळी ६.४०

आणखी एक सोय लक्षात ठेवा. लातूरचा फोन लागला नाही तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला गाठा. बीपी तिथं होतं, आणि ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून वरच्या डॉक्टरशी बोलताही येतं. २०२० च्या मार्चमध्ये टेलिमेडिसिनचे नियम आल्यापासून फोनवर, व्हिडिओवर सल्ला देणं अधिकृत आहे. सणाच्या आधी मात्र लक्ष ठेवा. तुमच्याकडं येळवस येतेय.

औसेकर · ७ जानेवारी, रात्री ११.२०

डॉक्टर, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणावं की काय ते कळेना.

येळवसला गावी गेलो होतो. लातूर-धाराशिवबाहेरच्यांसाठी सांगतो: मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, आत पाच पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यातली आंबील. आम्ही ठरवलं होतं की आण्णांना आंबील वाटीभरच. पण आल्या-गेल्या पाहुण्याबरोबर घोट घोट करत माझ्या हिशेबानं दोन तांबे तरी झाली. ताकातली, मीठ घातलेली.

दुसऱ्या दिवशी ६१.६. तिसऱ्या दिवशी ६२.१. मी म्हटलं आंबील आहे, उतरेल. चौथ्या दिवशी ६२.७ आणि लाल पेनात ३ उशा. पुतणीनं मला न विचारता भावाच्या फोनवरून लातूरला आकडा पाठवला. दोन वाजता असिस्टंट ताईंचा फोन आला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हता: "नवीन कुठली गोळी चालू केली का?"

आण्णा म्हणाले नाही. ताई म्हणाल्या, "अंग दुखतं म्हणून? गुडघ्यासाठी? मेडिकलमधून?" आण्णा खाली बघायला लागले. रानात दिवसभर उठबस करून गुडघा धरला होता. औशाच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली होती, तीन दिवस दोन-दोन. डायक्लोफेनॅक! पाकीट बंडीच्या खिशात.

ती बंद केली, डॉक्टरांनी तीन दिवस टॉर्सेमाइड वाढवली आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं. आज ६१.२, उशा २. ॲडमिट करावं लागलं नाही.

मी मात्र आंबिलीलाच दोष देत बसलो असतो.

मांजराकाठचा_डॉक्टर · ८ जानेवारी, सकाळी ६.५५

नेमकं हेच! डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही सगळी मंडळी किडनीला मीठ-पाणी धरायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मारतात. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला ती नकोतच. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. काट्यानं वाढ दाखवली, पण कारण ताईंच्या प्रश्नानं सापडलं. कुठलंही ॲप आण्णांच्या बंडीच्या खिशात हात घालत नाही.

खवचट_काका · ८ जानेवारी, सकाळी ८.१५

आणि आंबील निर्दोष सुटली. लातूरकरांनो, ती मडक्यातच का चांगली लागते यावर स्वतंत्र धागा काढा.

कळंबची_सून · ८ जानेवारी, सकाळी ८.५०

ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी भिजवून आंबवलेलं लागतं. हल्ली लोक सकाळी ताकात पीठ कालवतात आणि आंबील म्हणतात. ती आंबील नव्हे, कढण.

औसेकर · २१ मे, रात्री १०.०५

धागा वर काढतोय, कारण या वेळी उलटं झालं.

लातुरात पारा बेचाळीसच्या आसपास. कालनिर्णयवर वजन घसरत होतं: ६१, ६०.६, ६०.१. आम्ही सगळे खूश, सूज नाही, दम नाही, उशी एक. ५९.४ झालं. मी तर पुण्यात पेढे आणायच्या बेतात होतो. पुतणीनं कागद वाचला आणि म्हणाली, "काका, ५९.५ च्या खाली गेलं तरी फोन करायचाय." केला. ताईंनी विचारलं, उठल्यावर चक्कर येते का? येत होती. आण्णा सकाळी गोठ्यात दावण धरून उभे राहायचे, कुणाला सांगितलं नव्हतं. बीपी ९०/५८. रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे किडनीवर ताण.

उन्हानं घामावाटे पाणी जात होतं आणि गोळी वरून काढत होती. टॉर्सेमाइड निम्म्यावर आणली, पाण्याचं बंधन उन्हाळ्यापुरतं सैल केलं. आज ६०.३, चक्कर नाही.

सिस्टर_जुनी · २२ मे, सकाळी ७.०५

मे महिन्यात आमच्या ओपीडीत असे रोज दोन-तीन. वजन वाढण्याची भीती सगळ्यांना असते, उतरलं की पेढे. उलटी-जुलाब झाले तरी त्याच दिवशी फोन करा. तेव्हा डॅपा आणि लघवीची गोळी थांबवायची का हे डॉक्टर सांगतील.

उदगीरचा_नवखा · २ जून, दुपारी १२.३०

सगळा धागा वाचून काढला. आमच्या मामांसाठी एकानं सांगितलं की हृदयाजवळच्या नसेत बसवायचा सेन्सर निघालाय, तो आतलं प्रेशर थेट डॉक्टरला पाठवतो. मग काट्याची गरजच नाही. खरं का?

मांजराकाठचा_डॉक्टर · २ जून, रात्री ९.३०

आहे तसा. फुफ्फुसाकडं जाणाऱ्या रोहिणीत जांघेतून बारीक नळीनं बसवतात. त्याला बॅटरी नसते, पेशंट खास उशीवर झोपला की रीडिंग जातं. २०११ साली ५५० पेशंटांच्या अभ्यासात पुन्हा ॲडमिट होणं कमी झालं, २०१४ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. वजन वाढायच्या आधी प्रेशर वाढतं, म्हणून इशारा लवकर मिळतो. पण खर्च फार, आणि ते रीडिंग रोज बघून गोळी बदलणारं माणूस तिथंही लागतंच. मामांचं कोरडं वजन किती आहे?

उदगीरचा_नवखा · २ जून, रात्री ९.४४

ते कुणी सांगितलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर पण नाही.

मांजराकाठचा_डॉक्टर · २ जून, रात्री ९.४६

मग उद्या सकाळी तेच विचारून या.

सिस्टर_जुनी · ३ जून, सकाळी ६.५८

आणि येताना फरशी घेऊन या. काटा कुठं ठेवणार आहात?